दोनच ट्यूब, बाकी पाणी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की महिनाभर फक्त दोन विरोधी रंग, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, घेऊन चित्रं करून बघा, बाकीच्या ट्यूबा कपाटात टाका. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत त्यावरून दिसतंय की बऱ्याच जणांनी खरंच केलंय आणि त्यातल्या निम्म्यांचं डोकं फिरलंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून परत परत आलेले प्रश्न इथे घेतेय.

ताई, तुमचं वाचून अल्ट्रामरीन निळा आणि ऑरेंज अशा दोनच ट्यूब घेऊन पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो. रिटायर झाल्यावर रंगवायला लागलोय त्यामुळे वेळ भरपूर आहे, पण चित्र इतकं मळकट झालंय की बायको म्हणाली पूर आलाय का. फोटो पाठवतोय. कुठे चुकतंय? — एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या मिसेसची नजर चांगली आहे! फोटो मोठा करून बघितला. आकाश, पाणी, पायऱ्या, देवळांचे कळस, सगळं एकाच राखाडीत आहे, म्हणजे काय झालं असणार की तुम्ही पॅलेटच्या मोठ्या खणात दोन्ही रंग नीट घोटून एक मस्त राखाडी बनवून ठेवली आणि मग ती पातळ-घट्ट करत सगळीकडे फिरवली. दोन रंगांत चित्र मळतं ते बहुतेक वेळा असंच. रंगांचा दोष नाही, घोटण्याचा आहे.

तर पहिलं म्हणजे ऑरेंजची ट्यूब सध्या बाजूला ठेवा आणि बर्न्ट सिएना घ्या. आता तुम्ही म्हणाल तो तर तपकिरी, निळ्याचा विरोधी कसा? एका कोऱ्या कागदावर बर्न्ट सिएनाचा थेंब टाका आणि पाणी लावून ओढत न्या, अगदी पातळ होईपर्यंत. शेवटी शेवटी जो रंग दिसतो तो पीच, चक्क नारिंगी असतो. बर्न्ट सिएना म्हणजे गडद, शांत केलेला ऑरेंजच आहे, भाजलेली माती, आपल्या गेरूच्या घरातली. ट्यूबमधला ऑरेंज भडक असतो, गडद होऊच शकत नाही, त्यामुळे सावल्यांचा सगळा भार एकट्या निळ्यावर पडतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन दोघंही गडद होतात आणि घट्ट मिक्स केले तर जवळजवळ काळा मिळतो. म्हणजे कागदाच्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची सगळी शिडी तुमच्या हातात आली.

दुसरं, चित्राला हात लावायच्या आधी एक पट्टी करा. डावीकडे नुसता निळा, उजवीकडे नुसता बर्न्ट सिएना आणि मधे पाच चौकोन, एकेक पाऊल सरकत. मग प्रत्येक चौकोनाच्या खाली तोच रंग पाणी वाढवत दोन-तीन पायऱ्या फिका करत न्या. दिसायला शाळेतल्या अभ्यासासारखं आहे, मान्य, पण हे केल्यावर कळतं की मधला एकच चौकोन मेलेला राखाडी आहे, त्याच्या डावीकडचे सगळे पावसाळी ढगासारखे आणि उजवीकडचे सगळे उन्हात तापलेल्या दगडासारखे. तुमचं अख्खं चित्र त्या मधल्या एका चौकोनात बसलंय. डावीकडे नाहीतर उजवीकडे झुकलेली राखाडी वापरा, मधली शक्यतो टाळा.

आणि पॅलेटवर घोटूच नका, कागदावर मिसळू द्या. घाटाच्या पायऱ्यांची सावली आहे ना, ती आधी पातळ बर्न्ट सिएनात घ्या, ओली असतानाच ब्रशच्या टोकाने त्यात घट्ट अल्ट्रामरीन सोडा आणि बोर्ड थोडा तिरका करून हात काढून घ्या. अल्ट्रामरीनचे कण जाडसर असतात, ते कोल्ड प्रेस, म्हणजे खरबरीत, कागदाच्या खळग्यांत बसतात आणि तपकिरी त्यांच्यातून पुढे वाहत जातो. वाळल्यावर जवळून बघा, कुठे निळे ठिपके, कुठे तपकिरी ओघळ आणि दोन हात लांबून बघितलं की काळा दगड, शेवाळ्याचा डाग, ओल, सगळं दिसतं. तुम्ही काही केलेलं नसतं. फक्त अर्धवट वाळल्यावर परत त्यात ब्रश घालायचा नाही, तिथेच सगळे मार खातात.

अजून एक गोष्ट जी कुणी फारशी सांगत नाही. शेव्हरल नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या विणलेल्या पडद्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की तुमचा काळा धागा चांगला नाही, निळ्या-जांभळ्या विणकामात फिका पडतो. त्याने तपासलं तर धागा उत्तम होता, शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. त्यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कामाचा भाग एवढाच की रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. बर्न्ट सिएनाच्या शेजारी अगदी साधी राखाडी ठेवा, ती निळी दिसायला लागते. म्हणून नदीचं पाणी निळं दाखवायला निळा ओतायची गरज नाही, घाट गरम ठेवा आणि पाणी राखाडीच राहू दे.

प्रमाणाचं म्हणाल तर दोघांना सारखी जागा देऊ नका. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणारा योहानेस इटेन जर्मन कवी गटेच्या आकड्यांवरून मोजमाप द्यायचा की ऑरेंज एक भाग तर निळा दोन भाग, लाल-हिरवा समसमान आणि पिवळा एक तर जांभळा तीन. नियम म्हणून मला ते फार पटत नाही पण सुरुवातीला धरून चालायला ठीक आहे, निदान भांडण तरी होत नाही की घरात कुणाचं चालणार.

मुलगी या वर्षी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय. तिच्या पुस्तकातल्या रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी आहे. तिच्याच मोबाइलमधल्या ड्रॉइंगच्या अ‍ॅपमधे निळ्याच्या समोर पिवळा येतो. ती मला विचारते खरं कुठलं आणि मी कॉमर्सवाली. — एक आई, नाशिक

परीक्षेत नारिंगी लिहायचं, डोळे झाकून. निळा-नारिंगी, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, या तीन जोड्या. मार्कांचा विषय तिथे संपला.

आता खरं काय. पुस्तकातलं चक्र लाल-पिवळा-निळा यांच्यावर उभं आहे, ते रंग कालवणाऱ्या लोकांचं चक्र. मोबाइलची स्क्रीन रंग कालवत नाही, लाल-हिरवा-निळा असा उजेड एकत्र करते, त्यामुळे तिचं चक्र वेगळं येतं आणि तिथे निळ्याच्या समोर पिवळाच असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मुलीला अजून एक गंमत करायला सांगा, भडक लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघायचं आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. भिंतीवर जो डाग तरंगतो तो पुस्तकातल्यासारखा पोपटी-हिरवा नसतो, निळसर हिरवा असतो. म्हणजे डोळ्याचं मत पुस्तकापेक्षा मोबाइलच्या जास्त जवळ जातं. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे-निळे गाऊन असतात ना, त्याचं एक कारण हेच सांगतात, सतत रक्ताकडे बघून पांढऱ्यावर नजर गेली की असे डाग नाचतात, हिरव्यावर ते विरून जातात.

आणि घरातलंच उदाहरण द्यायचं तर नीळ. पूर्वी पांढऱ्या कपड्यांना जी पुडीतली नीळ द्यायचे ती म्हणजे हाच अल्ट्रामरीन, कारखान्यात बनवलेला. जुन्या धोतरावर पिवळेपणा चढलेला असतो, त्यावर हा जांभळटाकडे झुकणारा निळा अगदी कणभर बसला की पिवळा मरतो आणि कापड पांढरं वाटायला लागतं. विरोधी रंग एकमेकांना मारतात हे आपल्या आज्यांना रंगचक्र न बघता माहीत होतं. हाच रंग एकेकाळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्दी दगड कुटून करायचे आणि तो इतका महाग होता की १८२४ मधे फ्रान्समधल्या एका संस्थेने स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मधे ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. तिथून तो चित्रकाराच्या पेटीत आला आणि धोब्याच्या बादलीतही.

चित्र करताना मात्र तिला एवढंच सांगा की चक्रात ‘निळा’ एकच असला तरी पेटीत दोन-तीन असतात. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. बर्न्ट सिएनात प्रशियन घातला की हिरवट काळपट रंग येतो, स्वच्छ राखाडी येत नाही. शिवाय प्रशियन भयंकर जोरदार, टाचणीएवढा पुरतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड असतो, पीबी २९ असेल तर अल्ट्रामरीन, पीबी २७ असेल तर प्रशियन. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर आत मूळ पिगमेंटच्या जागी दुसरं काहीतरी आहे असं समजायचं. मग पट्टी करून बघायची, कुठली जोडी एकमेकींना नीट राखाडीपर्यंत नेते. जी नेते ती आपली विरोधी जोडी.

ताई मी आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला आहे. आमचे एक सर म्हणतात काळा रंग पेटीतून काढून फेकून द्या, दुसरे म्हणतात काही होत नाही. — एक विद्यार्थी, मुंबई

फेकू नकोस, पैसे पडलेत त्याला. पण दोन रंगांच्या अभ्यासात त्याची गरजच पडत नाही ते करून बघ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट, पाणी जवळजवळ नाही, हा एक काळा. विरिडियन हा हिरवा आणि अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, हा दुसरा, आणि हा तर इतका खोल जातो की ट्यूबमधला काळा शेजारी ठेवलास तर तोच खडूसारखा वाटेल. फायदा हा की असा काळा तुला हवा तिकडे वळवता येतो, उन्हाकडच्या कडेला थोडा तपकिरी, आकाशाकडच्या कडेला निळा. दोन्ही सरांना हेच दाखव, मग ते आपापसात बघून घेतील.

इकडे चिपळूणला जून ते ऑक्टोबर हिरव्याशिवाय काही दिसत नाही. निळा आणि तपकिरी घेऊन मी रंगवू काय? पावसाळा संपायची वाट बघू का? — एक वाचक, चिपळूण

वाट कशाला बघता, तुमच्याकडे तर देवाने जोडी आधीच लावून ठेवलीय. जांभा आणि हिरवळ, लाल आणि हिरवा. बर्न्ट सिएना तसाच ठेवा, निळा काढा आणि त्या जागी विरिडियन घ्या. जांभ्याला रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडने आणि बर्न्ट सिएनालाही त्यानेच येतो, त्यामुळे चिऱ्याची भिंत रंगवताना तुम्ही जवळपास त्याच मालाने रंगवत असता.

एक सूचना, विरिडियन नुसता कुठेही लावू नका. प्लास्टिकच्या बादलीचा रंग आहे तो, कोकणात असा हिरवा निसर्गात नाही. त्यात बर्न्ट सिएना घालत गेलात की आधी गर्द पानांचा, मग फणसाच्या झाडाखालच्या सावलीचा, मग भिजलेल्या गवताचा, असे एकामागून एक हिरवे निघत जातात आणि मधे कुठेतरी एक गडद राखाडी येते ती भरून आलेल्या आकाशाला पातळ करून चालते. विद्यार्थ्यांच्या पेटीत ‘विरिडियन ह्यू’ असतो तो बऱ्याचदा थॅलो ग्रीन नावाचा वेगळाच हिरवा असतो. तो कागदाला डाग धरतो, उचलता येत नाही, म्हणून बर्न्ट सिएनात तो घालायचा, उलट करायचं नाही.

ओला चिरा कसा करायचा ते सांगते कारण तिथेच हा खेळ रंगतो. कोरडा जांभा फिकट विटकरी असतो पण पावसात भिजला की दोन टोनने खाली जातो, म्हणजे दोन पायऱ्या गडद होतो, आणि त्याच्या भोकाभोकांत काळं साठतं. आधी पूर्ण भिंत बर्न्ट सिएनाच्या मध्यम वॉशमधे, म्हणजे पाणी घालून सलग दिलेल्या थरात, घ्या, वरची कड जिथे पाणी चमकतं तिथे कागद कोरा सोडा, अगदी रेघेएवढा. वॉश ओला आहे तोवर खालच्या भागात त्याच बर्न्ट सिएनात विरिडियन घालून केलेला गडद रंग सोडा, तो वर चढत चढत थांबेल. पूर्ण वाळल्यावर मग कोरड्या ब्रशने तोच गडद रंग आडवा ओढा, कागदाच्या दाण्यावर तुटक तुटक बसेल आणि चिऱ्याची भोकं आपोआप पडतील. एकेक भोक काढत बसू नका प्लीज.

एक गोष्ट मिळणार नाही, भाताच्या रोपांचा तो पोपटी. त्यात पिवळा आहे आणि तुमच्याकडे पिवळा नाही. मग विरिडियनमधे जरासा बर्न्ट सिएना घालून अगदी पातळ वॉश द्या आणि बांध, माती, मागचा डोंगर हे सगळं तांबूस आणि मंद ठेवा. वर शेव्हरलचं सांगितलं तेच इथे कामाला येतं, लालसर शेजार मिळाला की फिका हिरवासुद्धा उजळून निघतो. पोपटी नाही होणार, पण शेत आहे हे कळेल.

व्हॅन गॉगचं १८८८ मधलं रात्रीच्या कॅफेचं चित्र आहे, भिंती लालभडक, छत आणि बिलियर्डचं टेबल हिरवं. बघताना अस्वस्थ व्हायला होतं आणि त्याला तेच हवं होतं. लाल-हिरव्याची गोची ही की दोघांचा उजळपणा साधारण सारखाच असतो, त्यामुळे दोन्ही पूर्ण ताकदीने समोरासमोर ठेवले की कडा थरथरतात. तुम्हाला पावसातलं शांत घर हवंय म्हणून एकाला तरी खाली बसवा.

मी अ‍ॅक्रिलिक वापरतो. पांढऱ्याशिवाय फिका रंग कसा करणार? मग ते तीन रंग झाले. — एक वाचक, पुणे

पांढरा धरत नाहीत, घ्या बिनधास्त. वॉटरकलरवाल्यांचा पांढरा कागदात असतो, तुमचा ट्यूबमधे. फक्त टायटॅनियम व्हाइट घातला की रंग फिका तर होतोच, थंडही होतो. बर्न्ट सिएनात पांढरा घातला की पातळ केल्यावर येतो तसा पीच येत नाही, थोडा गुलाबी पावडर लावल्यासारखा येतो. म्हणून उन्हाच्या जागी पांढरा कमी आणि सावलीतल्या राखाड्यांत सढळ हाताने.

तुमच्यासाठी अँडर्स झॉर्नची चित्रं बघण्यासारखी आहेत. स्वीडनचा, १८६० ते १९२०. त्याच्या नावाने जे पॅलेट ओळखलं जातं त्यात पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढेच चार. निळा नाहीच. तरी त्याच्या चित्रांत निळसर सावल्या दिसतात, कारण ऑकर आणि व्हर्मिलियन मिळून ऑरेंजचं घर होतं आणि त्याच्या शेजारी काळ्या-पांढऱ्याची राखाडी निळ्याचं काम करते. म्हणजे बघायला गेलं तर तीही निळ्या-नारिंगीचीच जोडी, फक्त निळा पडद्याआड.

तुम्ही दरवेळी म्हणता चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, टोन टिकले तर चित्र टिकलं. पण फ्रेंच चित्रकार मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रातला सूर्य तसं केल्यावर गायबच होतो म्हणे. मग ते चित्र फसलं का? — एक वाचक, ठाणे

हा प्रश्न आवडला. होय, तो सूर्य जवळजवळ गायब होतो. ल हाव्र या फ्रेंच बंदराचं १८७२ सालचं चित्र, निळ्या-राखाडी धुक्यात एक नारिंगी ठिपका. त्या ठिपक्याचा उजळपणा त्याने आजूबाजूच्या आकाशाइतकाच ठेवलाय, त्यामुळे रंग काढला की फरकच उरत नाही. आणि रंग असताना तो सूर्य स्थिर वाटत नाही, हलतो, कारण डोळ्याला रंगाचा फरक दिसतोय पण उजेडाचा दिसत नाहीये.

पण त्याच फोटोत पुढची होडी बघा. ती काळी-पांढरी केल्यावरही ठणठणीत उभी असते, चित्रातला सगळ्यात गडद डाग तोच. म्हणजे चित्राचं बांधकाम टोनवर आहे आणि नियम मोडलाय तो एकाच जागी, मुद्दाम. आपण सुरुवातीला करतो ते उलटं, सगळीकडे टोन सारखे आणि होडीचा पत्ता नाही. म्हणून माझा मोबाइलचा आग्रह कायम आहे. दोन रंगांचा अभ्यास मी सगळ्यांच्या गळी उतरवते तेही मुळात त्यासाठीच, रंग निवडायची सोयच काढून घेतली की माणूस नाइलाजाने गडद-फिकं बघायला लागतो.

तुम्हाला तो सूर्य करून बघायचा असेल तर इथे मात्र बर्न्ट सिएना चालणार नाही, तेवढा झळकत नाही. कोल्हापूरच्या काकांना जी बाजूला ठेवायला सांगितली ती ऑरेंजची ट्यूब काढा. आकाश अल्ट्रामरीनमधे ऑरेंजचा अगदी थोडा अंश घालून, मध्यम फिकं, आणि सूर्याची जागा कोरी ठेवा. वाळल्यावर तिथे नुसता ऑरेंज भरा आणि लगेच फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य गडद ठिपका म्हणून दिसला तर ओल्या ब्रशने थोडा उचला, पांढरा दिसला तर वाळल्यावर अजून एक थर द्या. वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे पहिल्या फटक्यात बसणं कठीणच आहे, छोट्या तुकड्यांवर करा, अख्ख्या चित्रावर नको.